बॅप्टिस्टच्या दफनाचं थेट प्रक्षेपण

नाही, मला ते नेमकं आठवतं असं मी म्हणणार नाही — रिमोट त्या दिवशीच पहिल्यांदा बंद पडला की आदल्या दिवसापासूनच अडत होता, हे आता खात्रीनं सांगता येत नाही, आणि ज्याची खात्री नाही ते सांगू नये अशी माझी सवय आहे, सवय म्हणण्यापेक्षा खोड, विनया खोडच म्हणते — विनया म्हणजे माझी बायको, भाजी आणायला खाली गेलीय, येईल इतक्यात — पण बॅप्टिस्टचं दफन होतं त्या दुपारी तो बंद होता, एवढं पक्कं. बसा ना, विनिताताई. हे काम उभ्या उभ्या व्हायचं नाही. तुमच्या रिमोटचे सेल मी काढून ठेवलेत, ते थोडा वेळ बाहेरच राहू द्यायचे. का? आतला उरलासुरला भार निघून जातो म्हणून. आणि ही टीव्हीच्या मागे खोचायची काडी, ही काढून आणलीत ते फार बरं केलंत, हिला मी आमच्या टीव्हीला लावतो, म्हणजे हिची आणि रिमोटची परत ओळख करून देता येईल. ओळख मोडते त्यांची कधीकधी. रोज एका खोलीत राहूनसुद्धा मोडते. तुम्ही कुकर लावून आलात का? नाही? साधा भात? गॅस बारीक आहे ना — मग बसा, सासऱ्यांची मालिका सात वाजता असते, वेळ आहे.

बिल्डिंगमध्ये मला रिमोटकाका म्हणतात, ठाऊक आहे मला. वॉचमननंच पाठवलं असेल तुम्हाला — चौथ्या मजल्यावर जा, रिमोटकाका आहेत. माझी तक्रार नाही. मी आयुष्यभर एका सरकारी प्रयोगशाळेत डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावर काम केलं, पीएच.डी. त्यातलीच, आणि त्याबद्दल विरारमध्ये मला कुणी एका अक्षरानं विचारलेलं नाही, पण रिमोट घेऊन लोक येतात. पूर्वी मला यातलं काही येत नव्हतं. खरं सांगतो. टीव्ही लावायचा विनयानं, बंद करायचा विनयानं, मी मधे बसायचो. आमची काडीसुद्धा सिद्धेशनं एका दिवाळीत आणून लावली — सिद्धेश आमचा मुलगा, बंगळुरूला असतो — आणि जाताना टीव्हीचा मूळचा रिमोट शोकेसच्या खणात टाकून गेला. म्हणाला, बाबा, दोन रिमोट असले की तुमचा गोंधळ उडेल, यातच सगळं आहे, आवाजसुद्धा. मला ते लागलं थोडं. पण गोंधळ उडाला असता, हेही खरं.

बॅप्टिस्ट कोण, ते राहिलंच. बॅप्टिस्ट विनयाच्या शाळेतला. ती मराठी शिकवायची, तो भूगोल. राहायला वसईच्या टोकाला, पाचूबंदरला, घरची होडी, बाप, चुलते, भाऊ सगळे समुद्रावर जाणारे, हा एकटाच शिकून मास्तर झालेला. आमच्याकडे यायचा तो सुके बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन यायचा. आम्ही शनिवारी खात नाही हे त्याला पक्कं माहीत, तरी शनिवारीच यायचा. आज वास घ्या, उद्या खा, म्हणायचा. दारातूनच ओरडायचा, जयवंतसर, पानी सांगा आधी — आणि मग तो आणि विनया स्वयंपाकघरात उभ्यानं गप्पा मारत बसायचे. उभ्यानं बसायचे म्हणजे — तुम्हाला कळलं ना. मी इथं, याच खुर्चीत. मला तिथं जायला कुणाची बंदी नव्हती. पण मी गेलो की गोष्ट थांबायची. माझ्यामुळं नाही — म्हणजे माझ्यामुळंच, पण त्यात तसं काही नाही. विनया सांगत असायची, हेडमास्तर आले आणि छत्रीच उघडेना, आणि मी विचारायचो, कुठले हेडमास्तर, आधीचे की आत्ताचे. मला फक्त नीट समजून घ्यायचं असायचं. बॅप्टिस्ट हसायचा. विनया म्हणायची, जाऊ दे, तुम्ही पेपर वाचा.

आणि कोट. कोट सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्याकडे एक काळा कोट होता, पहिल्या परदेशी परिषदेसाठी शिवलेला. त्याचं मधलं बटण विमानतळावर जायच्या घाईत तुटलं आणि विनयानं माझ्या जुन्या स्वेटरचं काढून लावलं — तपकिरी. काळ्या कोटावर तपकिरी. मी म्हटलं, दिसतं. ती म्हणाली, तिथं तुमच्या बटणाकडे कोण बघायला बसलंय. कोणी बघितलं नाही, हे खरं आहे. माझ्या निबंधाकडेही विशेष कोणी बघितलं नाही. तर बॅप्टिस्टच्या मुलाचं, केविनचं लग्न ठरलं तेव्हा बॅप्टिस्ट हा कोट मागायला आला. अंगानं आम्ही सारखे. म्हणाला, "सर, आमच्या घरात कोनी कोट शिवला नाय अजून. पोराच्या लग्नात मी शर्टावर उभा राहू काय?" मी दिला. आणि लग्नानंतर त्यानं तो परत आणून दिला — मला स्पष्ट आठवत होतं, कापडी पिशवीत, इस्त्री केलेला, वर एक केळ्यांची फणी. इतकं स्पष्ट आठवत होतं की तेव्हाच शंका यायला हवी होती. खऱ्या गोष्टी मला इतक्या स्पष्ट आठवत नाहीत.

सेल? नाही, अजून नको. राहू द्या बाहेर. घाई केली की परत पहिल्यापासून करावं लागतं.

बॅप्टिस्ट गेला तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता. न्हाणीघरात घसरलो होतो. करोना ओसरून थोडेच दिवस झाले होते, की बरेच — ओसरला होता एवढं नक्की, कारण लोक मास्क हनुवटीवर घालत होते. छातीत कळ आली आणि गेला, मासळीच्या लिलावाच्या गर्दीत उभा असताना. निवृत्तीनंतर रोज जायचा तिथं, घ्यायचा काही नाही, भाव ऐकायला. विनयाला फोन आला तेव्हा ती पोळ्या करत होती, तिनं सगळ्या पोळ्या पुऱ्या केल्या आणि मग सांगितलं. मी म्हटलं, मी येणार. ती म्हणाली, कसे? मी म्हटलं, कोट काढ. आता प्लास्टर घातलेल्या पायानं चार मजले — लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती — खाली उतरून वसईच्या टोकापर्यंत जाणं शक्य नव्हतं, हे मलाही दिसत होतं, पण कोट काढ म्हटलं. तिनं कपाट उपसलं. पँट मिळाली, कोट नाही. मी म्हटलं, असा कसा नाही, त्यानं परत दिलाय, केळी होती वर. ती म्हणाली, केळी मला आठवत नाहीत. आमचं त्यावरून झालं थोडं. त्या दिवशी, त्या वेळी, कोटावरून. मग ती म्हणाली, तिकडचं सगळं टीव्हीवर दिसणार आहे, तुम्ही इथून बघा, आणि मोबाईलवर आलेली लिंक तिनं टीव्हीवर लावून दिली आणि गेली. दफनविधीचं थेट प्रक्षेपण. तुम्ही नवीन आहात इकडे, तुम्हाला ठाऊक नसेल, वसईत ते आता सर्रास करतात. निम्मी पोरं कॅनडात, आखातात. केविनसुद्धा कॅनडात, त्याला विमान मिळेना. त्याच्यासाठीच लावलं होतं ते. म्हणजे केविन तिकडून बघत होता आणि मी इकडून. वसईहून तो किती लांब आणि मी किती जवळ, पण दोघं बघत होतो एकच.

कॅमेरा चर्चच्या वरच्या सज्जात लावलेला, गायनमंडळ उभं राहतं तिथं. वरून दिसायचं सगळं. शवपेटी मधोमध, उघडी, बॅप्टिस्ट आत काळ्या कोटात — तिकडे सूट घालूनच पाठवतात, पद्धत आहे — आणि इतक्या वरून चेहरा म्हणजे एक फिकट ठिपका. मी हात जोडले. एकटाच होतो म्हणून जोडले, नाहीतर टीव्हीला हात जोडायला मला संकोच वाटला असता. मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, झाली, फादरांनी त्याच्या भूगोलाच्या तासाची एक आठवण सांगितली, लोक रडता रडता हसले. एलिनाबाई — बॅप्टिस्टची बायको — पेटीला धरून होत्या. मग पेटी बंद केली, उचलली, आणि सगळे मागच्या दफनभूमीकडे गेले. चित्रण करणारा माणूसही दुसरा मोबाईल घेऊन तिकडे गेला असणार, पण हा कॅमेरा बंद करायला विसरला. तर पडद्यावर राहिलं काय — रिकामं चर्च. बाकं. वर फिरणारा पंखा. मी ते थोडा वेळ बघितलं. मग वाटलं, आता बंद करावं. रिकामं चर्च बघत बसणं बरं दिसत नाही, म्हणजे कोणाला दिसत नव्हतं, पण मला.

आणि बटण दाबलं तर काही होईना. कुठलंच. वर, खाली, मागे, बंद, आवाज कमी, आवाज जास्त. जवळ नेऊन दाबलं, लांब धरून दाबलं, सेल जागेवर फिरवले — मग मी जे केलं ते माझ्यासारखा माणूसच करेल. मी मोबाईल काढला आणि कॅमेरा सुरू केला. रिमोटच्या टोकाला एक दिवा असतो, त्याचा प्रकाश आपल्या डोळ्याला दिसत नाही पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला दिसतो, बटण दाबलं की पडद्यावर जांभळट लुकलुकतो. प्रयोगशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्या दिवशी दाखवायचो. दोन्ही हातांनी धरून, चष्मा कपाळावर, मी बघत राहिलो. लुकलुकेना. मधेच मोबाईलवर कुणाचा तरी फोन आला, चित्राच्या आड पट्टी आली, मी न बघता लाल गोलावर अंगठा ठेवला आणि कापला. त्या दिवसांत कर्ज देणारे आणि फ्लॅट विकणारे दुपारीच फोन करायचे. पुन्हा आला, पुन्हा कापला. प्रयोगाच्या मधे मला व्यत्यय सोसत नाही. आणि मी निष्कर्ष काढला: प्रकाश नाही, म्हणजे रिमोट मेला. आता ऐका — या काडीच्या रिमोटला टोकाला दिवा नव्हताच. ते दोघं रेडिओलहरींवर बोलतात. प्रकाशाचा काही संबंध नाही. ज्या विषयात मी जन्म घालवला तो विषयच तिथं नव्हता, आणि मी तो शोधत होतो.

तेवढ्यात पडद्यावर बाजूच्या दारातून एक बाई आली.

साडी जांभळी होती की निळी, हे मी शपथेवर सांगणार नाही. चित्र फार स्वच्छ नव्हतं. पण चालणं विनयाचं. तिनं डावा हात कानाशी नेला, थोडा वेळ तसाच ठेवला, काढला, परत नेला — मला वाटलं केस सावरतेय. मग ती पुढे आली आणि शवपेटी जिथं ठेवली होती त्या मोकळ्या जागेसमोर, पहिल्या बाकावर बसली. आणि बोलायला लागली. तिथं कोणी नव्हतं, विनिताताई. मी डोळे ताणून बघितलं. ती त्या रिकाम्या जागेशी बोलत होती, आणि दोन्ही हातांनी बोलत होती. बोट रोखून. हात पसरून. छातीवरून असा हात फिरवून. मग ती हसली. खांदे हलत होते, आधी मला वाटलं रडतेय, पण तिनं मान मागे टाकली, रडणारं माणूस मान मागे टाकत नाही. तोंडाला पदर लावून ती हसली, आणि परत बोट रोखून काहीतरी म्हणाली. घरी ती हाताची घडी घालून बोलते. माझ्याशी. तुम्ही बघितलंय तिला — हो ना? घडी.

मला तिचं बोलणं ऐकायचं होतं. हे मी लपवत नाही. फक्त आवाज वाढवायचा होता. पंख्याची घरघर येत होती आणि तिच्याखाली काहीतरी, शब्द असावेत इतपत, आणि माझ्या हातात रिमोट आणि आवाज वाढेना. आवाजाचं बटण मी इतक्या जोरात दाबलं की नखाची खूण पडली, ती अजून आहे, दाखवतो नंतर. मूळचा रिमोट शोकेसच्या खणात, आणि मी प्लास्टरमध्ये. बंदही करता येईना आणि ऐकूही येईना. म्हणजे बंद — तसं बोर्डावरचं बटण होतं. हे बघा, इथंच. काठीनं पोचायचं. काठी माझ्या मांडीला टेकलेलीच होती. पण ते — ते तेव्हा सुचलं नाही. असं मी म्हणतो. पंख्याखाली ती बसलेली दिसत राहिली, मग उठली, त्या जागेला हात जोडून कपाळाला लावले, आणि बाजूच्या दारानं निघून गेली. त्यानंतर बऱ्याच वेळानं कोणीतरी कॅमेरा बंद केला.

ती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. आंघोळ केली, चहा ठेवला, आणि आतून म्हणाली, अहो, एक गंमत सांगू का. त्या दिवशी. मी म्हटलं, माझा पाय ठणकतोय. ती म्हणाली, बरं. बस, एवढंच. टीव्ही बंद पडला होता असं मी सांगितलं, मिस्सेपर्यंत दिसलं, पुढचं नाही. तिनं रिमोट घेतला, दाबून बघितला, म्हणाली, सेल गेले असतील, आणि सेल बदलले, आणि तो चालू झाला. मला आठवतंय, तो चालू झाला याचा मला राग आला.

त्यानंतर तिनं ती गंमत परत सांगायला घेतली नाही आणि मीही विचारली नाही. काय विचारणार? माणूस गेलेला. त्याच्याशी तू काय बोललीस आणि हसलीस का, असं विचारायचं? आणि तुला कसं कळलं म्हणाली तर? मी रिमोट शिकलो. तुम्ही हसाल, पण त्याच दिवसापासून. कुठल्या कंपनीच्या रिमोटचं कुठलं बटण किती वेळ दाबून धरायचं, कधी काडीची वायर काढायची, कधी सेल — सगळं. पुन्हा कधी आपल्या हातात बंद रिमोट नको, एवढंच होतं मनात. लोक यायला लागले. आणि विनया कुणाशी बोलायला लागली की मी तिच्या हातांकडे बघायचो. लिफ्टवाल्याशी बोलताना एक हात. फोनवर उन्नतीशी, म्हणजे सुनेशी, बोलताना मोकळा हात हलतो. माझ्याशी घडी. चाळीस वर्षांपूर्वी नव्हती ती घडी, मला वाटतं. माझं हे वाटणं कितपत धरायचं, ते तुम्हीच ठरवा. एलिनाबाई नाताळला कुसवार घेऊन येतात, म्हणजे नाताळचा फराळ, आणि बॅप्टिस्टचा विषय निघाला की मी सेल बदलायला उठतो. कुठले तरी.

आता हा सेल घाला. स्प्रिंगच्या बाजूला वजा. हं. अजून दाबू नका.

तर मागच्या दिवाळीनंतर, एका दुपारी, विनया बँकेत गेली होती आणि माझ्या डोक्यात आलं की ते चित्रण अजून असेल. ती थेट प्रक्षेपणं काढून टाकत नाहीत, पडून असतात. शोधलं, मिळालं. आता मला रिमोट येत होता. मी दार लावलं, आवाज पूर्ण वाढवला आणि ती मिस्सेनंतरची जागा काढली. पंखा ऐकू येतो, विनिताताई. बाकी काही नाही. तिच्या आवाजातलं एक अक्षर नाही. वेदीपाशीचा माइक त्या वेळी बंद होता, आणि वर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकला ऐकू आला तो फक्त पंखा. म्हणजे इतकी वर्षं मला वाटत होतं की रिमोट चालला असता तर ऐकलं असतं, तर तसं काही नव्हतं. मी ते बघत होतो आणि कुलपात किल्ली फिरली. बँकेचा सर्व्हर बंद, म्हणून ती परत आलेली. मी बंद करायला रिमोट दाबला. चालला नाही. हसू नका — तोच रिमोट, तीच तऱ्हा, आणि या वेळी काठीसुद्धा जवळ नव्हती. विनया पिशवी हातात घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. पडद्यावर ती मान मागे टाकून हसत होती.

मला वाटलं, आता संपलं. काय संपलं ते विचारू नका. ती म्हणाली, "अगंबाई, हे घेतलंय होय त्यांनी." आणि बसली माझ्या शेजारी. मग म्हणाली, "तुम्हाला फोन केला होता मी तिथून. दोनदा. तुम्ही कापलात."

मी चित्र मागे नेलं — दुसऱ्यांदा दाबल्यावर चाललं तेव्हा — आणि कानाशी नेलेला तिचा हात बघितला. केस नव्हते ते. मोबाईल होता. थेट म्हणतात ते थेट नसतं, चित्र पोचायला अर्धं मिनिट, कधी जास्तच लागतं, हे मला कळायला हवं होतं, मला नाही तर कुणाला. मी फोन कापला तेव्हा ती तिथं उभी होती, आणि ती मला पडद्यावर दिसली तेव्हा माझ्या हातातला फोन गप्प झालेला होता. मी एरवी बघतो कुणाचा फोन येऊन गेला ते. त्या दिवशी नाही बघितला.

मी रिमोट खाली ठेवला. आणि तिनं सांगितलं. एलिनाबाई पेटीला धरून येईल त्या प्रत्येकाला सांगत होत्या, किती हौसेनं शिवला होता हा कोट, एकदाच घातला, आता कोनासाठी ठेवू. बॅप्टिस्टनं बायकोला सांगितलं होतं की मी कोट शिवून घेतला. मुलाच्या लग्नासाठी, वसईतल्या मोठ्या शिंप्याकडून. आणि मग परत कसा करणार? कपाटात ठेवून दिला. विनया पेटीपाशी हात जोडायला गेली तर समोर मधलं बटण. तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं. सकाळीच आमचं त्यावरून भांडण झालेलं. तिला हसू आवरेना, आणि तिथं हसायचं कसं, समोर एलिनाबाई. सगळे दफनभूमीकडे गेले तशी ती मागे राहिली, म्हणाली, "पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं होतं. तुम्ही उचलेनात. मग म्हटलं, ज्याची गंमत त्यालाच सांगते. चांगला झापला त्याला. म्हटलं, ह्यांचा कोट घालून कुठं निघालास? ते तिकडे पायाला प्लास्टर घालून मला कपाट उपसायला लावतायत."

ती हे दोन्ही हातांनी सांगत होती. पडद्यावर ती आणि इथं ती, दोघींचे हात चाललेले. छातीवरून असा हात फिरवला, तो कोट. बोट रोखलं, ते बॅप्टिस्टला. माझ्या तोंडाशी चार प्रश्न आले होते — लग्नानंतर लगेच का नाही मागितला, केळ्यांचं काय, एलिनाबाईंना अजूनही ठाऊक नाही का, आणि ते बटण तुला उभ्यानं दिसलं की वाकून. मी एकही विचारला नाही. तिचं सांगून होईपर्यंत गप्प बसलो. मला वाटतं तिलाही ते नवीन होतं, कारण संपल्यावर ती जरा थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि मग पिशवी घेऊन आत गेली.

द्या इकडे. आता हे बटण दाबून धरा — हं, लुकलुकला बघा काडीचा दिवा. सोडा. चालतोय. वर, खाली, आवाज. झालं. आणि हे तुमचं रबरी कव्हर, हे परत घालू नका. हे दुसऱ्याच रिमोटचं आहे, घट्ट बसतं, एक बटण सतत दाबलेलं राहतं, मग सेल तरी संपतात नाहीतर सगळंच अडतं. आमच्याकडेही हेच होतं, स्टेशनबाहेरच्या टपरीवरचं, विनयानंच हौसेनं आणलेलं. दोन्ही वेळा तेच. हो, तुम्ही दार वाजवलंत तेव्हाच दिसलं होतं मला. काढून टाकलं असतं तर तिथल्या तिथं झालं असतं. पण तुम्ही म्हणालात, काका, हा काहीच ऐकत नाही — तर म्हटलं, बसतील घटकाभर.

लिफ्ट आली बघा. तिच्या पिशवीचा आवाज ओळखता येतो मला. तुम्ही निघा आता, भाताचं बघा, आणि हे खाली कुणाला बोलू नका, एलिनाबाईंची भाची तळमजल्यावर राहते. विनयानं विचारलं तर सांगा, सेल बदलले. काय? हो. त्या दुपारी ती पिशवी घेऊन आत गेली ना, तेव्हा बघितलं मी ते बटण. पेटी उघडी होती तिथं चित्र थांबवलं, चष्मा लावला, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. तीन ठिपके आहेत. वरचा काळा, खालचा काळा. मधला तपकिरी.